कौसाबाईंनी दिलेला दाखला

या, जरा पुढे सरकून बसा. खांबाला टेकायचं असेल तर टेका, पण असे उंबऱ्याशी नको. माझा आवाज आता तिथवर पोचत नाही. बुवांना यायला अवकाश आहे, पेटीवाला अजून सूर जुळवतोय. तोवर एक गोष्ट सांगतो. देवादिकांची नाही, राजाराणीची नाही. मुलुंडच्या घरी लादी-भांड्याला बाई शोधत होतो, तेव्हाची आहे. बारा वर्षं झाली तिला. पूर्वरंग लांबवत नाही, एकदम कथेलाच हात घालतो.

माघ महिना होता. सकाळी दहाच्या सुमाराला दाराची बेल वाजली. मी काठी शोधून दार उघडेपर्यंत दुसऱ्यांदा वाजली. बाहेर तिशीची, काटक बांध्याची एक बाई उभी होती. पदर कमरेला खोचलेला, चपला जिन्याच्या पायरीवरच काढलेल्या. तिनं आत नजर टाकली, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत आत.

"घरात बाईमानूस कोन हाय?"

"कुणी नाही. मी एकटाच असतो."

आता ही वळणार, म्हणून मी दाराची कडी हातात धरूनच उभा राहिलो. त्याआधी चार जणी याच उत्तरावर वळल्या होत्या. ही वळली नाही. नाव विचारलं, तर लंका म्हणाली. गाव जालन्याकडचं, राहायला भांडुपच्या डोंगरावर. आमच्या वॉचमननं तिला पाठवलं होतं.

तिला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. आमची कुमुद जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मी पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, वय एकोणसत्तर. संध्याकाळी देवळात कीर्तनाला बसायचं, एवढाच एक नाद. घर आवरायला म्हणून मी स्वतःच लादी पुसायला घेतली आणि न्हाणीघरात साबणाच्या पाण्यावरून घसरलो. खुब्याचं हाड थोडक्यात वाचलं. लेक मृणाल हैदराबादेहून धावत आली, आठ दिवस राहिली, आणि जाताना बजावून गेली. गुढीपाडव्यापर्यंत खात्रीची बाई मिळाली तर ठीक, नाहीतर हे घर बंद करायचं आणि बाबांनी हैदराबादला यायचं. तिचं घर चौदाव्या मजल्यावर होतं. जावई मोठे सज्जन, पण तिथे मराठी ऐकायचं तर आरशासमोर उभं राहून आपणच बोलायचं. इथलं देऊळ, इथली माणसं, कुमुदनं लावलेली देव्हाऱ्याची मांडणी, हे सगळं एका कुलपाच्या आत जाणार होतं. तेव्हा मला बाई हवी होती ती नुसत्या केरापायी नाही, हे ध्यानात घ्या.

मिळत मात्र नव्हती. त्या चौघींना एकटा म्हातारा नको होता. पाचवी दोन दिवस येऊन गेली, तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं जिन्यात येऊन नमस्कार केला आणि ती येणार नाही असं सांगितलं. भांडला नाही, आवाज चढवला नाही. त्याचंच मला जास्त लागलं. मग शेजारच्या मेढेकरवहिनींनी तोड काढली. त्यांची बाई येईल तेवढा वेळ मी खाली बागेत बाकावर जाऊन बसायचं. तीन दिवस बसलो. चौथ्या दिवशी बाईच म्हणाली की रिकाम्या घरात काम करणार नाही. उद्या काही हरवलं तर नाव कुणाचं येईल? म्हणजे मी घरात असलो तरी पंचाईत, नसलो तरी पंचाईत.

लंकानं हे सगळं उभ्यानंच ऐकलं. मग विचारलं, "माझ्याआधी या घरात कोन व्हतं कामाला?"

मी म्हणालो, "कौसाबाई. पण त्याला झाली सहा वर्षं."

"डोंगरावरल्या कौसाआत्या? खरातांच्या?"

"हो."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "आमच्यात रीत हाय, बाबा. एकल्या मानसाचं घर धरायचं, तर त्या घरातनं सुटलेल्या बाईला आधी इचारायचं. ती हो म्हनली तर धरायचं. तुमी आमची आधारकारडं बघता, फोटो घेता, पोलिसात कागद देता. आमी काय बघायचं? आमी आपली बाई बघतो."

तिचं म्हणणं रास्तच होतं. मी म्हणालो, विचार तर मग. तर म्हणाली, तुम्ही पण चला. पाठीमागं विचारलेलं बरं नसतं, माणसाच्या तोंडावर विचारावं. रेशनच्या दुकानापाशी थांबते, कधी येता सांगा.

मी उद्या म्हणालो आणि गेलो नाही. परवा म्हणालो, तरी गेलो नाही. गुडघ्याचं निमित्त होतंच. पण खरं कारण सांगायचं, तर कौसाबाई आमच्या घरातून सुटल्या नव्हत्या. त्यांना काढलं होतं.

चौदा वर्षं त्या आमच्याकडे होत्या. मृणालच्या शाळेपासून लग्नापर्यंत. किल्ली त्यांच्याकडे असायची. आम्ही गावाला गेलो तर तुळशीला पाणी त्याच घालायच्या. आणि एके दिवशी कुमुदचा चांदीचा करंडा देव्हाऱ्यातून नाहीसा झाला. तिच्या आईनं लग्नात दिलेला, मुठीएवढा, झाकणावर मोर असलेला. कुमुदनं घर पालथं घातलं. देव्हाऱ्यापुढची लादी रोज कोण पुसतं, तर कौसाबाई. प्रभुदेसाई तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी, आताही तेच आहेत. ते गेटावरची वही घेऊन वर आले, तक्रार लिहिली गेली, आणि कौसाबाईंना गेटातून आत सोडायचं नाही असं ठरलं. आमच्या कॉलनीत त्यांची सहा घरं होती. सहाही त्याच दिवशी सुटली.

दोन महिन्यांनी चैत्रातल्या हळदीकुंकवासाठी कुमुदनं कपाट आवरायला काढलं, तर साड्यांच्या मागे करंडा. ती लादीवरच बसली. म्हणाली, "अहो, माझ्याच हातून ठेवला गेला असणार. माझ्याच. काय करून बसले मी." त्यानंतर तिनं घरात बाई ठेवली नाही. पाच वर्षं केर, लादी, भांडी स्वतः केली. कंबर धरून उठायची, पण ठेवली नाही.

कौसाबाईंकडे जायला पाय का उचलत नव्हता, ते एवढ्यावरून तुम्हाला पटेल. मलाही तेव्हा एवढंच कारण पुरेसं वाटत होतं.

होळी झाली आणि मृणालचा फोन आला. तिकीट काढलंय म्हणाली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाचं. चादरी कुठल्या घ्यायच्या, कुठल्या ठेवायच्या, तेसुद्धा सांगू लागली. फोन ठेवला आणि लंकाला निरोप पाठवला की आज येतो.

रिक्षा डोंगराच्या पायथ्याशी थांबली. पुढे पायऱ्या. दोन्ही बाजूंना घरं, घरांपुढे निळे पिंप, पिंपांवर वाळत घातलेली फडकी. मी तीनदा थांबलो. लंका दर वेळी दोन पायऱ्या वर उभी राहायची, हात द्यायची नाही, पण पुढेही जायची नाही. एका म्हातारीनं दारातून विचारलं, कोण गं हे, तर लंका म्हणाली, घर हाय, इचारायला आणलंय. मी आजवर बाया विचारायला जायचो. आज मला कोणी विचारायला नेत होतं. म्हातारीनं मला नखशिखांत पाहिलं आणि "बरी हायेत की कापडं" असा शेरा मारला.

कौसाबाई दारातच बसल्या होत्या. केस पुरते पांढरे झालेले, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. पुढ्यात एक ताट, ताटात नकली बांगड्या, आणि चिमट्यानं त्यांवर खडे चिकटवायचं काम चाललेलं. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. चिमटा खाली ठेवून उठल्या, आतून पाण्याचा तांब्या आणला, आधी मला बसायला पाट दिला, मग विचारलं, "वैनी गेल्या म्हनं."

"हो. जूनमध्ये."

"कळलं व्हतं. येनार व्हते. पन गेटावर कुनी सोडलं नसतं." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. बस बंद आहे असं सांगावं तसं म्हटलं.

लंका उंबऱ्यावर बसली. तिनं इकडचं तिकडचं काही न बोलता सरळ विचारलं, "आत्या, ह्यांचं घर धरायचंय. एकलेच असतात. कसं हाय मानूस?"

कौसाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"चौदा वर्सं व्हते मी त्या घरात," त्या म्हणाल्या. "वैनी माहेराला जायच्या, तवा पन मी कामाला जायचे. ह्या मानसाची नजर कधी खालनं वर आली न्हाई. मी मोरीत असले तर हे गॅलरीत जाऊन बसायचे. शिळं कधी दिलं न्हाई. कप येगळा ठेवला न्हाई. माझी पोरगी आजारी व्हती, तर पोस्टातल्या डाक्टरला घरी घेऊन आलते. हात लावनारं मानूस न्हाई, लंके. त्ये मी कुनाफुडंबी सांगंन."

मला वाटलं, झालं. मी काठी सावरून उठायच्या बेतात होतो.

"पन," कौसाबाई म्हणाल्या.

मी बसलो.

"पन येक ध्यानात ठेव. हात लावनार न्हाई, तसं तोंडबी उघडनार न्हाई. तुज्यावर काय येळ आली, कुनी नाव घेतलं, तर ह्यांच्याकडं बघू नको. हे पेपर वाचत बसतील."

लंकानं माझ्याकडे पाहिलं. मी पायरीकडे पाहिलं.

आता मंडळी, जे मी सहा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं आणि एवढा वेळ तुम्हालाही सांगितलेलं नाही, ते त्या बाईनं चार वाक्यांत त्या दारात सांगितलं. मी थांबवलं नाही.

"त्या दिशी मी देव्हाऱ्याफुडची लादी पुसत व्हते," त्या म्हणाल्या. "हे आले. करंड्यातलं कुकू कागदात वतलं, करंड्यात बुक्का भरला, पिशवीत घातला आन देवळात गेले. मी बघितलं. ह्यांनीबी मला बघितलं."

अगदी तसंच झालं होतं. सप्ताहाचा शेवटचा दिवस होता, काल्याचं कीर्तन. देवळातल्या बुक्क्याच्या लाकडी डबीचं झाकण मोडलं होतं आणि इतक्या मोठ्या बुवांपुढे मोडकी डबी फिरवायची मला लाज वाटली. घरातली चांदी देवळात न्यायची नाही, असं कुमुदनं मला शपथ घालून सांगितलं होतं, कारण आधी एक निरांजन मी असंच नेलं होतं आणि ते परत आलं नव्हतं. तरी नेला. करंडा सगळ्यांच्या हातांतून फिरला, कपाळं काळी झाली, बुवांच्या पाया पडायला ही झुंबड उडाली. मी कीर्तनाच्या धुंदीत रिकाम्या हातानं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुदनं कौसाबाईंना विचारलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "सायबांना इचारा येकदा." कुमुदनं माझ्याकडे वळून विचारलं, तुम्हाला काही ठाऊक आहे का? आणि मी पेपरातून मान वर न करता म्हणालो, मला काय ठाऊक.

विचार असा होता की संध्याकाळी देवळातून आणीन, कुठेतरी ठेवीन, सापडला म्हणेन, सगळं मिटेल. तासाभरात प्रभुदेसाई वही घेऊन आले. तक्रारदार म्हणून घरमालकाची सही लागते म्हणाले. संध्याकाळी खोडून टाकू, असं मनाशी म्हणत सही केली. संध्याकाळी देवळात गेलो, तर बुवांची मंडळी पहाटेच पुढच्या गावाला गेली होती आणि करंडा वीणेच्या खोळीत घालून सोबत गेला होता. अठरा दिवसांनी पार्सलानं आला. तोवर आज सांगतो, उद्या सांगतो, असं करता करता सांगायची वेळ निघून गेली असं मी ठरवून टाकलं. साड्यांच्या मागे तो मीच सरकवला. कुमुद लादीवर बसून स्वतःला बोल लावत होती तेव्हा मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "सापडला ना? मग झालं तर." वहीतलं नाव काढून घ्या म्हणाली, तर म्हणालो, लोक हसतील. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

कौसाबाईंचं बोलणं अजून संपलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"वैनी आल्या व्हत्या हितं," त्या म्हणाल्या.

"कुमुद? इथे?"

"त्याच वर्साला, चैतात. ह्या येवढ्या पायऱ्या चढून. हळदीकुकवाला जाते सांगून आल्ते म्हनल्या. तुमी बसलाय तितंच बसल्या, लई येळ दम खात व्हत्या. माझ्या पायाला हात लावायला गेल्या, मी लावू दिला न्हाई. म्हनल्या, कौसाबाई, माझ्याच हातनं ठेवला गेला, मी पापीन."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार. म्हनलं, असू द्या वैनी, हुतं असं."

"सांगितलं नाहीत?"

त्यांनी चिमट्यानं एक लाल खडा उचलला, उजेडात धरून पाहिला, आणि बांगडीवर नेमका बसवला. मग म्हणाल्या, "मला धा घरं मिळत्यात, सायब. येक गेलं, दुसरं मिळालं. त्यांना तुमी येकलेच व्हता. दोघांनीच तर ऱ्हायचं व्हतं तुमाला त्या घरात."

मी पाणी प्यायलो. तांब्या रिकामा करून पालथा ठेवला. मग तिथेच हात जोडले. त्या म्हणाल्या, मला कशाला हात जोडता, मी काय मूर्ती हाय. मग लंकाला म्हणाल्या की मी जे बघितलं ते सांगितलं, पुढचं तुझं तू बघ.

उतरताना लंका पुढे होती. रेशनच्या दुकानापाशी तिनं रिक्षा थांबवली. मी बसल्यावर वाकून म्हणाली, "हात न लावनारं घर पायजेच, बाबा. पन तेवढ्यावर भागत न्हाई आमचं. गेटावर नाव चढलं की मी सहा घरांना मुकते." आणि गेली.

पाडव्याला तेव्हा अकरा दिवस होते.

त्या संध्याकाळी देवळात गेलो नाही. कीर्तन चुकवल्याचं माझ्या आठवणीत ते पहिलंच. देव्हाऱ्यासमोर बसून राहिलो. तिथल्या करंड्यात कुमुदचं कुंकू होतं, अर्ध्यावर आलेलं. कितीतरी कीर्तनांत सत्याची आख्यानं ऐकताना माझ्या डोळ्यांतून पाणी वाहिलेलं आहे, शेजारच्या माणसानं उपरणं पुढे करावं इतकं. पण त्या दिवशी पाणी आलं नाही. आधी मृणालला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आईला कळलं होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

तिनं फोन ठेवला. तिकिटाचं काही बोलली नाही.

रविवारी सकाळी सोसायटीची वार्षिक सभा होती. गच्चीवर मांडव, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा-बिस्किटं. पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं, पार्किंगवरून झालं. शेवटी प्रभुदेसाईंनी विचारलं, आणखी कुणाला काही? मी उभा राहिलो. त्यांना वाटलं, लिफ्टची तक्रार.

मी कीर्तनकार नाही, बोलायची सवय नाही. पोस्टातल्या अर्जासारखं बोललो. अमुक तारखेला चांदीचा करंडा मी स्वतः देवळात नेला. तो चोरीला गेला नव्हता. हे मला ठाऊक असताना मी तक्रारीवर सही केली. कौसल्या ज्ञानोबा खरात यांचं नाव गेटावरच्या वहीत अजून आहे, ते काढावं, आणि ज्या सहा घरांनी माझ्या सहीवर विसंबून त्यांना काढलं, त्यांनी खरं काय ते समजून घ्यावं.

प्रभुदेसाई म्हणाले, "टेंबे, सहा वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरून काढता? ती बाई कामाचं वय ओलांडून बसली असेल. गेली गंगेला मिळाली."

"गंगेला नाही मिळाली," मी म्हणालो. "भांडुपला आहे. गेल्या मंगळवारी भेटून आलो."

मागून कोणीतरी म्हणालं, कीर्तनं ऐकून हेच शिकलात वाटतं, आणि दोघेतिघे हसले. हसणं बरोबर होतं. मेढेकरवहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या कुमुदच्या जिवाभावाच्या. खुर्चीतून वळून त्यांनी विचारलं, "म्हणजे कुमुद पाच वर्षं गुडघे टेकून लादी पुसायची, ती..." वाक्य पुरं केलं नाही. पिशवी उचलली आणि जिना उतरून गेल्या. वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

वही वर मागवली. वॉचमननं पानं उलटून ते पान काढलं. नाव, फोटो, 'प्रवेश बंद', आणि खाली माझी सही, पोस्टातल्या वळणाची, शाई जराही फिकी न झालेली. प्रभुदेसाई नुसती रेघ मारू म्हणाले. मी पेन मागून घेतलं आणि सहीखाली लिहिलं: करंडा मी नेला होता. तक्रार खोटी आहे. बाई निर्दोष. दिगंबर विष्णू टेंबे. तारीख घातली. वॉचमन उभ्यानं वाचत होता. त्यानं वाचलं म्हणजे गेटावर सकाळी ताटकळणाऱ्या सगळ्या बायांनी वाचलं, हे मला ठाऊक होतं. तेच हवंही होतं.

त्यानंतर काही झालं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. बायका जिन्यातून जाता-येता माझ्या दाराकडे बघायच्या आणि पुढे जायच्या. जिन्यात पुरुषमंडळी नमस्कार चुकवू लागली. मी चादरींच्या दोन थप्प्या केल्या, न्यायच्या आणि ठेवायच्या. देव कसे न्यायचे, ते देवळातल्या गुरवाला विचारून आलो. तांदळाच्या पिशवीत ठेवून मांडीवर घेऊन जा म्हणाला. हैदराबादला जायचं, हे मनात आता जवळजवळ पक्कं झालं होतं आणि खरं सांगतो, त्याचं पहिल्याइतकं वाईट वाटत नव्हतं.

पाडव्याला दोन दिवस राहिले असताना दहाच्या सुमाराला बेल वाजली. लंका होती. चपला पायरीवर काढलेल्या, पदर खोचलेला. घरात कोण आहे, हे तिनं विचारलं नाही.

"झाडू कुटं ठेवता?" म्हणाली.

मी दारातून बाजूला झालो. तिनं स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, नळाखाली बादली लावली. मला राहवेना. विचारलं, "कौसाबाईंना परत विचारलंस काय?"

"इचारायला कशाला पायजे? वॉचमननं वहीच्या पानाचा फोटो मोबाइलवर दाखवला. आत्याला वाचून दाखवला मी. तिनं दोनदा वाचायला लावला."

"मग? काय म्हणाल्या?"

लंकानं फडकं पिळलं. "म्हनली, जा आता. उशिरा उघडलं तोंड, पन उघडलं. धर ते घर."

मी गॅलरीत जाऊन बसलो. आत लादीवरून फडकं फिरल्याचा आवाज येत होता. दुपारी मृणालचा फोन आला, तिला एवढंच सांगितलं की बाई मिळाली. खात्रीची आहे का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, "तिची खात्री आहे. तिनं माझीही करून घेतली आहे." मग म्हणाली, तिकीट रद्द करते. आणि बाबा, मे महिन्यात मी येते, तेव्हा मला त्या डोंगरावर घेऊन चला.

नेली तिला. त्या वेळी पाच थांबे घ्यावे लागले.

कौसाबाईंना मी पुष्कळदा सांगून पाहिलं, की गेट आता मोकळं आहे, एकदा या. त्या आल्या नाहीत. नाव पुसलं तेवढं बास म्हणायच्या. म्हणायच्या, मला काय तुमच्या कॉलनीत फिरायला जायचंय. दर चैत्रात मी चढून जायचो, त्या पाट द्यायच्या, पाणी द्यायच्या, आणि लंकाबद्दल मला विचारायच्या की पोरगी काम नीट करते ना. गेल्या पौषात त्या गेल्या. लंका अजून येते. परवा गावाला गेली, तर तुळशीला पाणी मी घातलं.

त्यांच्या नावाची पाटी कुठे नाही, फोटो होता तो त्या वहीत होता, आणि ती वही आता बदलली. म्हणून तुमच्यापाशी मागतो. आज घरी जाऊन देवापुढे हात जोडाल, आपापल्या माणसांची नावं घ्याल, त्यात एक नाव माझ्यासाठी घ्या. कौसल्या ज्ञानोबा खरात. कुमुदचं नाव मी घेतोच. हे एवढं एक तुम्ही घ्या.